चौतीसची कंबर

गिऱ्हाईकाची कंबर वाढली तरी ती त्याच्या तोंडावर वाढवायची नाही, हा शिंपीकामातला पहिला धडा. काज, कॉलर, खिसे हे सगळं त्यानंतर. मास्तरांना हा धडा त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात दिला. एका जाडजूड गृहस्थाचं माप घेताना मास्तर, तेव्हा विशीतले, टेप बघून खणखणीत आवाजात "चव्वेचाळीस!" म्हणून ओरडले आणि तो गृहस्थ आपलं कापड काखोटीला मारून चालता झाला. उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "अरे शहाण्या, कापडाशी खोटं बोललास तर शिवण उसवते, आणि माणसाशी खरं बोललास तर गिऱ्हाईक उसवतं."

मग त्यांनी रीत शिकवली. तोंडाने मागच्या वर्षीचाच आकडा म्हणायचा. वहीतही तोच लिहायचा, कारण गिऱ्हाइकं वहीत डोकावतात. मात्र आकड्याच्या खाली पेन्सिलीने बारीक ठिपके द्यायचे. एक ठिपका म्हणजे एक इंच. कापड बेतताना ठिपके मोजायचे आणि तेवढं वाढवायचं. बेल्टपट्टीच्या आत दुकानाचा कापडी बिल्ला लावायचा, त्यावर शाईने आकडा टाकायचा, तोही जुनाच. माणूस पँट चढवतो, आरशात बघतो, बिल्ला वाचतो आणि छाती फुगवून घरी जातो. पोट तर आधीच फुगलेलं असतं.

पस्तीस वर्षं मास्तरांनी हेच केलं. आकडा जुना, पँट मापाची, गिऱ्हाईक खूश. यात कोणाचं काय बिघडलं, असं ते स्वतःलाच विचारायचे आणि कोणाचं काही नाही, असं स्वतःच उत्तर द्यायचे. परक्यांचं बिघडलं असेल तर ते सांगायला कोणी परत आलं नाही. सख्ख्या बहिणीचं बिघडलं, ती मात्र आली.

तिला घरात चिमी म्हणायचे. मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान. एका दवाखान्यात खिडकीपाशी बसून नंबर द्यायचं, केसपेपर काढायचं काम करायची. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचे दाजी, गावाबाहेरच्या वजनकाट्यावर होते. माल भरलेला ट्रक लोखंडी फळ्यांवर येऊन उभा राहिला की दाजी केबिनमधून आकडा बघायचे, पावती फाडायचे आणि "पुढे!" म्हणून हात करायचे. माणूस सोन्यासारखा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि विश्वास फक्त आकड्यावर. "मास्तर, माणूस थापा मारेल, आकडा मारणार नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काट्यावर ड्रायव्हर लोकांची रांग लागायची. थांबलेले ड्रायव्हर केबिनच्या खिडकीत काही ना काही ठेवून जायचे. कोणी खाऱ्या दाण्यांचा पुडा, कोणी तळलेले बटाट्याचे काप, कोणी क्रीमची बिस्किटं, कोणी गार गोड पेयाची बाटली. दाजी कोणाला नाही म्हणायचे नाहीत. दिवसभर बूड खुर्चीला, एक हात पावतीपुस्तकाला आणि दुसरा पुड्यात. चिमी घरून डब्यात फळं, उकडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं द्यायची. तो डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत यायचा. "मी काय शेळी आहे?" असं दाजी विचारायचे आणि ती हसू दाबत भांडायची.

कंपनी दाजींना दरवर्षी गणवेशाचं कापड द्यायची, दोन पँटींचं. लग्नाच्या वर्षी मास्तरांनी पहिल्यांदा माप घेतलं ते चौतीस. अगदी बरोबर चौतीस, ठिपका नाही. दुसऱ्या वर्षी पस्तीस भरलं. मास्तर "चौतीस" म्हणाले आणि एक ठिपका दिला. नव्या जावयाला इतक्या लवकर कशाला हिणवा? तिसऱ्या वर्षीही पस्तीसच होतं. पाचव्या वर्षी सदतीस झालं. आता खरं सांगायचं तर आधीचंही खोटं कबूल करावं लागलं असतं, म्हणून मास्तर पुन्हा "चौतीस" म्हणाले. खोट्याचं असंच असतं, पहिल्यांदा आपण त्याला सांभाळतो, मग ते आपल्याला नाचवतं.

दाजी त्या चौतीसवर जाम खूश. दुकानात बसलेल्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बघा! लग्नात चौतीस, आजही चौतीस!" कोणी खवचटपणे विचारलंच, की दाजी, वजन किती? तर म्हणायचे, "आमचा काटा ट्रकचा. वीस किलोच्या पटीतच बोलतो. मी उभा राहिलो की आधी ऐंशी दाखवायचा, आता शंभर दाखवतो. मधलं त्याला येतच नाही, त्याला मी काय करू?" सगळे हसायचे. मास्तरही हसायचे आणि खडूने कापडावर ठिपक्यांचा हिशेब मांडायचे. पँट आता पोटावर नाही, पोटाच्या खाली बसते, हे त्यांना दिसत होतं. म्हणजे टेप सांगत होती तेही कमीच होतं.

लग्नाच्या चौदाव्या वर्षी चिमी दुपारी एकटीच दुकानात आली. दवाखान्याच्या कोटातच. तो कोटही मास्तरांनीच शिवलेला, तिचे सगळे कपडे तेच शिवायचे. स्टुलावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, एक विचारते. खरं सांगायचं."

"तुझ्याशी मी कधी खोटं बोललोय?" मास्तर म्हणाले. आणि बोलताना त्यांना त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

"आमचे डॉक्टर रोज पेशंटांना सांगतात, मी ऐकत असते. पुरुषाची कंबर पस्तीस-छत्तीसच्या पुढे जायला लागली की सावध व्हायचं. पोटाभोवतीची चरबी नुसती दिसायला वाईट नसते म्हणे. आतून साखर वाढवते, रक्तदाब वाढवते, हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या हळूहळू बुजवते. दुखत नाही म्हणून कळत नाही. तळलेलं, खारट, गोड, हे रोजचं झालं की दहा-पंधरा वर्षांनी ते उगवतं. ह्यांच्या वडिलांना पन्नाशीतच झटका आला होता, तुला माहीतच आहे. मी ह्यांना म्हटलं, तपासून घ्या. तर म्हणतात, माझं माप तेच आहे, विचार तुझ्या भावाला. मला डोळ्यांना दिसतंय रे पोट. पण मी बोलले की म्हणतात, तू संशयी आहेस, आकडा बघ. घरी टेप लावायला गेले तर पोट आत ओढतात आणि गुदगुल्या होतात म्हणून पळतात. लहान मूल बरं!"

मास्तर कात्री पुसत राहिले.

"म्हणून तुझ्याकडे आले. तुझं म्हणणं ते मानतात. तू वाढलंय म्हणालास तर मी आजपासून घरातलं तळण बंद करते, काट्यावर जाऊन ड्रायव्हरांचे पुडे बंद करते आणि ह्यांना ओढत तपासायला नेते. रडले तरी नेते. आणि वाढलं नाही म्हणालास तर मी गप्प बसते. उगाच माणसाच्या तोंडचा घास कशाला काढू? सांग, कंबर किती आहे?"

चाळीस होती. वहीत चौतीसच्या खाली सहा ठिपके होते आणि वही मास्तरांच्या कोपराखालीच होती.

नुसतं कोपर उचलायचं होतं. पण मास्तरांच्या डोळ्यांपुढे दाजींचा चेहरा आला. चार लोकांत "आजही चौतीस" म्हणणारा. चिमी घरी जाऊन म्हणणार, दादा म्हणाला चाळीस. मग दाजी येणार, विचारणार, मास्तर, इतकी वर्षं मला मूर्ख बनवत होतात? नवरा-बायकोच्या भांडणात आपण वाईट कशाला व्हा? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या दिवशी ती भीडच दुकानात येऊन बसली आणि मास्तरांनी तिला खुर्ची दिली.

"चौतीस," मास्तर म्हणाले. "पोट वाटतं ते बसण्याच्या सवयीमुळे. हाडं रुंद आहेत त्यांची."

चिमीने मोठा सुस्कारा सोडला. तिचे डोळे एकदम भरून आले. "देव भलं करो तुझं," ती म्हणाली. "महिनाभर झोप नाही रे मला." जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून तिने मोठा केक घेतला. नवऱ्याला इतके दिवस टोचून बोलली, म्हणून. मास्तरांनी तो खोका तिच्या हातात पाहिला. हाक मारावी असं त्यांना वाटलं. हाक मारायला किती वेळ लागतो? पण नाही मारली.

त्यानंतर चार वर्षं गेली. डब्यातून फळं गेली आणि दाजींच्या आवडीचं येऊ लागलं. चिमीही त्यांच्याच ताटाला ताट लावून तेच जेवायची, एकट्यासाठी वेगळं कोण करतं? घरात भांडण राहिलं नाही. मास्तरांना वाटायचं, चला, संसार तर सुखाचा चाललाय.

अठराव्या वर्षी दाजी कापड घेऊन आले तेव्हा दुकानाच्या तीन पायऱ्या चढून टेबलाला धरून उभे राहिले. कपाळावर घाम. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला वाकले आणि अर्ध्यातूनच सरळ झाले. "राहू दे," म्हणाले, "सुटलेलीच फॅशन आहे." मास्तरांनी टेप गुंडाळली. त्रेचाळीस. तोंड सवयीने बोलून गेलं, "चौतीस."

दुकानात त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं. दाजी हसले नाहीत. आरशात स्वतःकडे बघत राहिले. मग हळू आवाजात, त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, खरं सांगा. थोडी वाढलीय ना? मागची पँट काचते हो. बसलं की दम लागतो."

आता यापुढे जाऊन माणसाने काय करावं? स्वतःच विचारत होता. वाईटपणा नव्हता, भांडण नव्हतं, चार लोक नव्हते. मास्तरांनी फक्त "हो" म्हणायचं होतं.

"छे हो!" मास्तर म्हणाले. "कापड आटलंय. हल्लीचं कापडच तसलं. धुतलं की आटतं."

"असं होय," दाजी म्हणाले. चेहरा उजळला. "मी म्हटलं, आपलंच काहीतरी. बरं मग, या खेपेला जरा सैल बेता."

मास्तरांनी नवव्या ठिपक्यापुढे अर्धा इंच आणखी सोडला आणि पँटी छान शिवल्या. इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं.

दहा आठवड्यांनी, भर दुपारी, काट्यावर एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला. वजन झालं होतं, पावती येत नव्हती. शेवटी ड्रायव्हर उतरून केबिनकडे गेला. दाजी खुर्चीतच होते. हातात पेन होतं, समोर अर्धी लिहिलेली पावती होती. शेजारी खाऱ्या दाण्यांचा पुडा उघडा होता.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चिमीला विचारलं, "तपासण्या कधी केल्या होत्या? वजन गेल्या काही वर्षांत वाढलं होतं का?"

"नाही हो," चिमी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, पण हे तिने ठामपणे सांगितलं. "अठरा वर्षं माप तेच आहे. माझा भाऊच शिवतो ना कपडे. हा काय, उभा आहे. विचारा त्याला."

डॉक्टरीणबाईंनी एकदा चादरीखालच्या देहाकडे पाहिलं आणि एकदा मास्तरांकडे. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, पायाखालची फरशी सरकावी आणि आपण खाली जावं. पण फरशा कोणासाठी सरकत नाहीत.

पुढे दोन महिने ते रोज चिमीकडे जायचे. पिशवीत वही घालून जायचे. आज सांगू, असं ठरवायचे. चिमी चहा करायची, दाजींच्या आठवणी काढायची आणि म्हणायची, "निदान मी त्यांना शेवटची चार वर्षं हवं ते खाऊ तरी घातलं. तुझ्यामुळे, दादा. नाहीतर मी उपाशी मारलं असतं त्यांना." यावर कोणत्या तोंडाने वही काढणार? मास्तर चहा प्यायचे आणि वही तशीच घरी आणायचे. बैल गेल्यावर झोपा बांधायला निघालेला माणूस, आणि तोही बांधवेना.

मग एका सकाळी चिमीच दुकानात आली. हातात मोठं गाठोडं होतं. ते तिने कापायच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. दाजींच्या पँटी. तीस-पस्तीस असतील. चिमीला जुने कपडे टाकवत नसत.

"काल काट्यावर गेले होते," ती म्हणाली. "म्हटलं, कपडे ड्रायव्हरांना देऊन टाकावे, ह्यांचे लाडके होते ते. बिल्ल्यावर चौतीस आहे, चौतीसची कंबर कोणाची ते विचारलं. एक जण पुढे आला. काटकुळा, माझ्याएवढा उंच. त्याने ही शेवटची, नवी पँट आपल्या पँटीवरूनच चढवली."

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली.

"हात सोडल्याबरोबर पँट सरळ पायात पडली, दादा. सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, यात माझ्याबरोबर माझी बायकोही मावेल. मीसुद्धा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. आणि मग हसता हसता मला कळलं."

तिने मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. नवी पँट टेबलावर सपाट केली आणि पट्टीवर टेप लावली. तिचं बोट आकड्यावर थांबलं. मग दुसरी पँट, मग तिसरी. लग्नाच्या वर्षीची विटकी पँट तिने सगळ्यात शेवटी घेतली. ती खरंच चौतीस होती. ती तिने नव्या पँटीवर ठेवली. दोन्ही बाजूंनी नवी पँट बाहेर उरली. दोन्ही बिल्ल्यांवर एकाच हाताने लिहिलेला एकच आकडा होता.

मास्तरांनी वही काढली. दाजींचं पान उघडलं. चौतीस, चौतीस, चौतीस, आणि खाली ठिपके. चिमीने वर्षांवरून बोट फिरवलं आणि चौदाव्या वर्षावर थांबली.

"हे काय आहे?"

"एक ठिपका म्हणजे एक इंच," मास्तर म्हणाले.

तिने मोजले. "सहा. म्हणजे मी त्या स्टुलावर बसले होते तेव्हा चाळीस होती. आणि वही इथेच होती."

"इथेच होती."

"मग का रे?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुला काय मागत होते? एक आकडा मागत होते. मी त्यांना तपासायला नेलं असतं. औषधं असतात, पथ्य असतं. वाचलेच असते असं मी म्हणत नाही. पण मी भांडले तर असते! तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस. उलट त्या दिवशी मी केक घेऊन गेले, दादा. माझ्या हाताने कापून भरवला."

"माझं चुकलं, चिमे," मास्तर म्हणाले. "त्यांनी स्वतः विचारलं होतं मला. शेवटच्या वेळी. खरं सांगा म्हणाले. मी म्हटलं, कापड आटलंय." हे तिला कधीच कळलं नसतं. पण आता त्यांना आत काही ठेवणं सहन होईना. ते टेबलाला धरून रडायला लागले. पंचावन्न-साठीचा माणूस, गळ्यात टेप नाही, हात कुठे ठेवावे ते कळत नाही.

चिमीने त्यांना गप्प केलं नाही. मग तिने हळूहळू वहीची पानं मागे उलटायला सुरुवात केली. कोणाचं तरी पान शोधत होती. मास्तरांचं रडणं मध्येच थांबलं, कारण ती कोणाचं पान शोधते आहे ते त्यांना समजलं.

पान सापडलं. तिच्या नावासमोर बत्तीस होतं. दहा वर्षं बत्तीस. आणि खाली ठिपके.

चिमीने ते मोजले नाहीत. वही मिटली, दवाखान्याचा कोट काढून स्टुलावर ठेवला आणि टेप मास्तरांच्या हातात दिली. ती आरशासमोर उभी राहिली, हात अंगापासून दूर धरून, लहानपणी पहिला फ्रॉक शिवताना उभी राहायची तशी.

"घे माप," ती म्हणाली. "आणि मोठ्याने सांग."

मास्तरांनी टेप गुंडाळली. आकडा डोळ्यांपुढे होता आणि जीभ, पस्तीस वर्षांच्या सवयीची जीभ, बत्तीसकडे वळत होती.

"एकोणचाळीस," मास्तर म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"एकोणचाळीस!" मास्तर ओरडले. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून आत बघायला लागला. चिमीने त्याच्याकडे पाहिलं नाही, आरशात स्वतःकडेच पाहिलं.

"लिही आता," ती म्हणाली. "ठिपके न देता."